व्हर्नाचे तळहात
व्हर्ना टकेटने विलो लँडिंगच्या कॅसिनोत सव्वीस वर्षं ब्लॅकजॅकचे पत्ते वाटले; पानांची बेरीज एकवीसच्या जवळ न्यायची, एकवीस ओलांडली की हरलात, असा तो खेळ. ओहायो नदीकाठचं हे गाव स्वतःला शहर म्हणवतं. सिग्नल मात्र दोनच, आणि त्यातलाही एक रविवारी बंद. पण कॅसिनोचा परवाना होता आणि त्याच्या जिवावर शहराची स्वतःची अ‍ॅम्ब्युलन्स होती, शाळेचं छप्पर गळत नव्हतं, आणि नवरा सोडून गेल्यावरही व्हर्नाने दोन्ही मुलींना शिकवून मार्गी लावलं होतं. त्यामुळे कॅसिनोच्या मालक कंपनीने जेव्हा हा परवाना उत्तरेकडच्या मोठ्या शहरात न्यायला राज्याच्या समितीकडे अर्ज केला, तेव्हा गावाच्या तोंडचं पाणी पळालं.

महापौर डेल ओव्हरबी, एरवी खिळे-हातोड्यांचं दुकान चालवणारा माणूस, व्हर्नाला तिच्या जेवणाच्या सुट्टीत गाठायला आला. समितीपुढे तीन मिनिटं तिने बोलावं, असं त्याचं म्हणणं होतं.

"मी?" व्हर्ना म्हणाली. "डेल, मी दिवसभर बोलते काय, तर 'पान हवं की थांबता?' एवढंच."

"तेवढंच पुरे. मी बोलायला लागलो की लोक घड्याळ बघतात."

सुनावणीला गाव शाळेच्या दोन पिवळ्या बसमधून निघालं. लहान मुलांच्या बाकांवर सगळ्यांचे गुडघे हनुवटीला लागत होते. निवृत्त न्हावी हॉलिस प्रुइट गेली अकरा वर्षं व्हर्नाच्या टेबलावर नेमाने हरत आलेला. हरायचंच तर ओळखीच्या माणसाकडून हरावं, एवढ्यासाठीच आपण आलोय, असं तो बसभर सांगत सुटला होता.

कंपनीचा वकील लोण्यासारखा बोलला. त्याने मोठा नकाशा दाखवला, उत्तरेत माणसं किती, रस्ते किती. समितीच्या माना हलू लागल्या. मग व्हर्नाची पाळी आली. तिने कागदावरची पहिली ओळ वाचली, पण ती तिची तिलाच परकी वाटली. तिने कागद पालथा घातला आणि मागच्या वर्षीचं सांगितलं. भर दुपारी हॉलिस तिच्या टेबलावर छातीला हात लावून कोसळला होता. गावची अ‍ॅम्ब्युलन्स चार मिनिटांत आली. शेजारच्या परगण्यातून यायला चाळीस लागली असती.

"आणि तो डाव मी जिंकत होतो," मागून हॉलिस म्हणाला.

"तुमच्याकडे बारा होते, हॉलिस," व्हर्ना मागे न बघता म्हणाली.

तेवढ्यात वेळ संपल्याची घंटा वाजली. व्हर्ना उठली, आणि आपण काय करतोय हे कळायच्या आत तिने एक टाळी वाजवून दोन्ही तळहात समितीपुढे उलटेसुलटे केले. विलो लँडिंगच्या बाकांवर बसलेल्या, तिच्यासारख्याच पत्ते वाटणाऱ्या पंधरा जणांना एकदम हसू फुटलं.

समितीच्या वयस्कर अध्यक्षबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "हे काय होतं, बाई?"

व्हर्ना कानापर्यंत लाल झाली. "माफ करा. सवय लागलीय. टेबल सोडताना दाखवावंच लागतं, की मी इथलं काही घेऊन जात नाहीये."

अध्यक्षबाई कंपनीच्या बाकाकडे वळल्या. "वकीलसाहेब, तुम्ही उठताना दाखवाल का हात?"

वकील हसला, हात वरही केले त्याने, पण एका हातात गुंडाळलेला नकाशा होता. यावर तर उत्तरेकडच्या शहरातून आलेली माणसंही हसली.

सात विरुद्ध चार मतांनी अर्ज फेटाळला गेला. परवाना नदीकाठाला म्हणून दिलेला आहे, नदी हलली की बघू, असं अध्यक्षबाईंनी जाता जाता महापौरांना सांगितलं. परतीच्या बसमध्ये डेलने गायला सुरुवात केली आणि त्याला कुणी थांबवलं नाही. बेसूर गळ्यांत व्हर्नाचा गळा सगळ्यात मोठा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला ती टेबलावर हजर. समोर हॉलिस. सोळावर असताना त्याने पान मागितलं आणि चोवीसवर गेला.

"यासाठी मी पहाटे उठून बसमध्ये बसलो?"

"मग जायचं होतं की उत्तरेला."

हॉलिसने पैजेची नवी चकती पुढे सरकवली. "वाट गं पोरी," तो म्हणाला.