जोशी सरांचे बिनकामाचे लोक

जोशी सर चॅटवर आलेला प्रश्न आधी वाचत नसत, आधी गाव वाचत. आमच्या बिल्डरच्या वेबसाइटवर कोपऱ्यात चॅटची चौकट होती. तिच्यात कोणी नाव-गाव टाकून काही लिहिलं की शहरातल्या पुंडलिकनगरच्या ऑफिसात माझ्या स्क्रीनवर उमटायचं आणि सर खुर्चीमागून वाकायचे. "पिशोर? सोडा. नुसते फोटो बघतोय तो." नोकरी मागणारा, भाव काढणारा, उगाच "हाय" म्हणणारा, सगळ्यांना तीन ओळींत वाटेला लावायचं. "गिऱ्हाईक नसेल त्याच्याशी बोलणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी," असं ते म्हणायचे. शहरात आठवड्यातून एकदा नळ यायचा, आणि ह्यांना सुचायचे ते घडेच!

त्या दुष्काळाच्या उन्हाळ्यात त्यांची अक्कल आणखी पाजळली. शहराबाहेर शेतं मोडून उभ्या केलेल्या आमच्या इमारतींचे बोअर आटले. जाहिरातीत मात्र चोवीस तास पाणी वाहतच होतं. फोन कोणी उचलेना, म्हणून राहायला आलेली माणसं चॅटवर लिहू लागली.

"सर, यांना काय उत्तर देऊ?" मी विचारलं.

"यांनी घर घेतलं ना? मग आता गिऱ्हाईक कुठे राहिले? बिनकामाच्या यादीत टाका."

इतकं निर्लज्ज वाक्य इतक्या शांतपणे बोलणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

कन्नड गावातून निवृत्त होऊन आलेल्या एक नर्सबाई रोज लिहायच्या. नवरा अंथरुणाला खिळलाय, त्याचं अंग पुसायला तरी पाणी पाठवा. मी "आपली नोंद घेतली आहे" असं तयार उत्तर चिकटवायचे आणि चौकट बंद करायचे.

एका दुपारी त्या स्वतःच ऑफिसात आल्या. सर लगबगीने उठले. "या मॅडम, बसा." फ्रिजमधली गार बाटली उघडून त्यांच्यापुढे ठेवली. "टू बीएचके बघायचाय?"

"नाय, घेतलंय की. बी विंग. रोज लिहिते ती मीच. चार दिवस झाले, तिथं थेंब नाय."

सरांनी बाटलीला झाकण लावलं आणि ती उचलून परत फ्रिजमध्ये ठेवली. "तक्रार चॅटवर टाका, बाई."

"व्हय, टाकते. पण तिथं बसतं कोण, तेवढं तरी सांगा."

सरांचा राग मला आजही येतो. पण त्या दिवशी माझ्या टेबलावर माझी भरलेली बाटली होती, आणि मी मान खाली घालून टाइप करत राहिले.