सोनखताची भाकर

माह्या वाट्याले बरड वावर आलं. वरतं मुरूम, खालतं मुरूम. तिथं उगवाच्या आधी कुसळही इचार करे. लोक म्हनत, "वावर आन् मालक सारखेच, टाकलं ते वाया." खोटं नोतं. शाळेत मी गेलतो एकदाच, सुटलेली बकरी धराले.

आमी बुद्धाच्या धम्माची दीक्षा घेतली त्याच्या पुढच्या साली गावात खताचा साहेब आला. वर्ध्याबाहेर मैला आन् कचरा खड्ड्यात थरावर थर पुरून ठेवत. मुरला का काळा भुरभुरीत होई. साहेब म्हने, "वास नाई, किडा नाई. याले सोनखत म्हनतात." मले निस्तं सोनं ऐकू आलं. बंडी जुपली आन् खेपा करत राह्यलो. मायले काई सांगतलं नाई.

त्या साली जवारी माह्या डोस्क्याच्या वर गेली. तशी माही उंची काई फार नाई, पन बरडात एवढी कोनी पाह्यली नोती.

नव्या जवारीची पहिली भाकर माय चुलीपाशी खाऊन राह्यलती. तवाच बाजूच्या वावराचा पाटील आंगनाच्या काटेरी कुपाजवळ उभा राहून म्हने, "काऊन रे, त्या मुरमात काय जादू केली?"

माहं तोंड कुठं बंद राह्यते! "जादू कायची, पाटील? वर्ध्याचे शेटलोक सकाळी जे टाकून जातात, थेच म्या उचलून आनलं. सोनखत!"

पाटील हासला. मी त्याच्याहून जास्त हासलो. मांगं पाह्यलं तं मायनं भाकर खाली ठेवली होती.

"जल्मभर मेलेली ढोरं ओढली," माय म्हने. "दीक्षेच्या दिवशी हात धुतले. आन् तू बंडी भरून घान घरी आनली?"

"माय, त्याची माती झाली होती वं."

"मातीच होती तं लपवलं काऊन?"

म्या खाली ठेवलेली भाकर उचलून तिच्याम्होरं धरली. माय तशीच उठून केळझरले तिच्या बहिनीकडं गेली. आनाले गेलो तं म्हने, "तुह्या वावरात थे पडते तोवर मी येत नाई."

पुढच्या साली म्या मूठभरही टाकलं नाई. माय घरी आली. जवारी गुडघ्याएवढी झाली, कनसात दाना नाई. लेकरं उपाशी निजाले लागले. मंग मी, बायको आन् म्हातारी माय, तिघंही पाटलाच्या वावरात सोंगनीले गेलो. मजुरीत जवारीच भेटे. पाटलाची जवारी लय उंच होती. त्याच्या बंड्या उन्हायाभर वर्ध्याकडून भरून येतानी म्या पाह्यल्या होत्या.

माय त्याच जवारीची भाकर खाये. खाता खाता मनगट दाबत राहे, इळा धरून सुजलं होतं. एक डाव म्हने, "पाटलाच्या जवारीले गोडी हाय."

बायकोनं माह्याकडं पाह्यलं. म्या पान्याचा गडवा उचलला आन् पीत राह्यलो, तहान नोती तरी.