आधी चेहरा, मग निळा

आमच्या ह्यांना निळा रंग कमी दिसतो, हे घरात कळायला फार उशीर झाला. तोवर तोच निळा परक्या लोकांनी डोक्यावर घेतला होता.

हे सत्तावीस वर्षं कलर लॅबमध्ये प्रिंट काढायचे. लग्नाचे, सहलीचे, ओळखपत्राचे. फोटो हातात आला की आधी माणसाचा चेहरा बघायचा, कातडी जिवंत दिसली पाहिजे. मग आभाळ, झाडं, भिंती काय व्हायचं ते होवो, हा ह्यांचा नियम. आणि एका फोटोचं माप दुसऱ्याला लावायचं नाही. पुढे लोक फोनमध्येच फोटो बघायला लागले, लॅब बंद पडली आणि हे घरी आले. घरी बसलेला नवरा म्हणजे काय, ते ज्यांनी भोगलंय त्यांनाच कळेल. चार वर्षं हे माझ्या डब्यांची झाकणं रंगाप्रमाणे लावत होते. एका डब्याला त्याचं स्वतःचं झाकण मिळेल तर शपथ.

त्यातून मला सोडवलं लेकीने. ती गेम खेळते, खेळताना रेकॉर्ड करते आणि आपल्या चॅनलवर टाकते. दुसऱ्याचा खेळ बघत बसायला लोकांना वेळ कुठून मिळतो, देव जाणे. एका गेममध्ये एक म्हातारी नावाडीण गोठत चाललेल्या नदीतून आपलं गाव शोधत जाते. त्याची चोवीस भागांची मालिका लेक करायला बसली, तेव्हा हे मागे उभे राहून म्हणाले, "हिचा चेहरा मेलाय."

लेकीने खुर्चीच सोडली. "मग बाबा, तुम्हीच जिवंत करा."

त्या दिवसापासून रंग ह्यांचे. नदी, बर्फ, आभाळ सगळं गडद निळं आणि मधे नावाडिणीचा चेहरा तेवढा उबदार. व्हिडिओच्या वर जे चित्र लावतात, तेही हेच रंगवायचे. बघणाऱ्यांनी त्याला 'नावेतली संध्याकाळ' असं नाव पाडलं, आणि जो तो विचारायला लागला, रंगांची सेटिंग द्या. सेटिंग असायला तर पाहिजे! हे प्रत्येक वेळी सगळं शून्यावर आणून नव्याने सुरू करायचे आणि व्हिडिओ तयार झाला की बाकीचं पुसून टाकायचे. लॅबमधली सवय.

मग एक दिवस बाहेर जायला निघालो तर ह्यांच्या एका पायात काळा मोजा, दुसऱ्यात गडद निळा. मी दाखवलं तर उलट माझ्याशीच वाद. मी बखोट धरून डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. दोन्ही डोळ्यांत पिकलेला मोतीबिंदू.

"आजोबा, तुम्ही सगळं जग पिवळ्या काचेतून बघताय," त्या म्हणाल्या. "निळा तुमच्यापर्यंत धड पोचतच नाही. म्हणून तुम्ही तो जास्त घालत असाल."

लेकीचं लग्नसुद्धा झालेलं नाही, त्यामुळे ह्यांना मोतीबिंदूपेक्षा 'आजोबा' जास्त लागलं. उजवा डोळा लगेच करून घेतला, डाव्याची तारीख तीन आठवड्यांनंतरची मिळाली.

उजव्याची पट्टी सुटल्यावर ह्यांनी भिंती बघितल्या, पडदे बघितले, मला बघितलं. "केस एवढे पांढरे कधी झाले?" आठवड्याने स्क्रीनसमोर बसायची परवानगी मिळाली. ह्यांनी आपलाच अठरावा भाग लावला आणि तोंडात मारल्यासारखे मागे सरकले.

"हे मी केलंय? सगळं शाईत बुडवलंय की!"

एकोणिसावा भाग ह्यांनी नव्या डोळ्याने केला. मला तर छान स्वच्छ वाटला. पण खाली एकामागून एक कमेंट. 'संध्याकाळ कुठे गेली?' 'नावाडीण भर दुपारी निघाली का?' मग लेकीने कंबर कसली. जुन्या भागातलं एक चित्र शेजारी ठेवून त्यातला निळा मोजला आणि तेवढाच पुढच्या भागात ओतला. बर्फ जुळलं, नदी जुळली, नावाडीण मात्र बुडून मेलेली दिसायला लागली. तीन दिवस तिच्या नाकी नऊ आले.

चौथ्या दिवशी जेवताना हे म्हणाले, "डावा डोळा राहू दे. अजून पाच भाग आहेत. त्याला जुनंच दिसतंय."

माझं डोकं फिरलं. "खेळातल्या बाईसाठी डोळा घालवणार?"

"तिच्यासाठी नाही गं." हे ताटाकडे बघत होते. "लॅब बंद झाल्यापासून मला कुणी काही विचारलं नव्हतं. आत्ता कुठे लोक विचारायला लागलेत."

मला फार वाईट वाटलं. चार वर्षं मी झाकणांवरून करवादत होते आणि एवढं मला दिसलं नव्हतं. तरी मी हटले नाही, कारण आणखी पिकू दिला तर काम अवघड होईल असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. तोड लेकीने काढली.

"ऑपरेशन ठरल्या दिवशीच होणार, बाबा. पण मधे नऊ दिवस आहेत. मला शिकवा."

नऊ दिवस हे उजव्या डोळ्यावर तळहात धरून बसले आणि लेक शेजारी वही घेऊन. ती आकडे टिपायला लागली तर दर दृश्याला आकडे वेगळे. ह्यांनी वही मिटून टाकली.

"चेहरा बघ. आधी त्याच्याभोवती रेघ मार, कातडी जिवंत कर. मग त्याला हात न लावता बाकीचं सगळं थंड करत जा."

"पण थांबायचं कुठे?"

"मला बरोबर दिसलं की."

इथेच घोडं अडलं. ह्यांना बरोबर दिसायचं तिथे तिला भलतंच निळं दिसायचं, आणि तिला पटेल तिथे ह्यांना काही बदललेलंच दिसायचं नाही. नऊ दिवसांत तीन भाग झाले. दोन राहिले आणि डावा डोळाही झाला.

तेविसावा भाग लेकीने एकटीने, कुठे थांबायचं ते अंदाजाने ठरवून केला. ह्यांना स्क्रीनची परवानगी मिळाल्यावर तिने आम्हा दोघांना बोलावलं. हे स्क्रीनकडे बघत होते, मी ह्यांच्याकडे.

"चेहरा झकास जमलाय," हे म्हणाले. "पण बाकीचं... अगं, फारच निळं. बघवत नाही."

लेकीने शेजारी अठरावा भाग लावला.

"आणि हे?"

हे दोन्हींकडे आळीपाळीने बघत राहिले. चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"हेही तेवढंच," हे हळूच म्हणाले. "अगदी तेवढंच बघवत नाही."

लेकीने ह्यांच्या गळ्यात हात टाकले. मला रडू आलं, ते मी लपवलंही नाही.

चोविसाव्या भागाला हे खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसले. नावाडिणीचा चेहरा आधी जिवंत झाला. मग लेक निळा वाढवत गेली, वाढवत गेली, आणि हे "आता बघवत नाही" म्हणाले तिथे थांबली.