स्वयंपाकघरात टांगलेला जीवदोर

विहिरीच्या गाळाचा वास एकदा नाकात बसला की तो जाता जात नाही. शिकेकाई लावा, दोनदा अंघोळ करा, जेवायला बसलात की पहिल्या घासाबरोबर तो हजर. पण मला त्या गाळापेक्षा जास्त किळस आली ती आमच्याच स्वयंपाकघरात. घरातली पोरं हा किस्सा मला पुन्हा पुन्हा सांगायला लावतात, कारण त्यात मी लोंबकळतो. आणि एकदा नाही, दोनदा.

रेवदंड्याच्या अलीकडे आमची नारळी-पोफळीची वाडी. वाडीत रहाटाची विहीर. वाडीही तिच्यावर जगायची आणि आम्हीही. वैशाखात पाणी तळाला गेलं की तिचा गाळ काढायचा. गाळ म्हणजे कुजलेल्या झावळ्या, मेलेले बेडूक, सापाची कात, आणि नुसत्या डोळ्यांनी ओळखू न येणारं बरंच काही. वर्षभर आपण काय प्यालो ते त्या दिवशी सगळ्यांना दिसायचं, आणि दुसऱ्या दिवशी सगळे तांब्या तोंडाला लावायचे.

गाळ काढायला शेजारच्या गावातला एक गडी यायचा. विहिरीच्या बांधकामात पाय ठेवण्यापुरते दगड बाहेर काढलेले होते, त्यांवरून तो उतरायचा. कमरेला दोर, आणि दोराचं दुसरं टोक वर कुणाच्या तरी हातात. एका वर्षी शेवाळलेल्या दगडावरून त्याचा पाय सटकला, वरचा दोर सैल होता, आणि तो थेट तळाशी गेला. पाय मोडला. हाड जुळलं, पण वाकडं.

दिवाळीच्या सुमाराला तो लंगडत ओटीवर आला. आमच्या काकांना म्हणाला, "काका, पुढल्या साली मी येईन. पर वरून धरणारं कायतरी पक्कं पायजे. गेल्या खेपेला दोर धरणारा तंबाखू मळीत व्हता."

तंबाखू मळणारे आमचे काकाच होते. ते पोफळींकडे बघू लागले.

मी तेव्हा मुंबईला गोदीजवळच्या एका कोठारात कारकून होतो. बोटीच्या कुशीला रंग देणाऱ्यांच्या पाठीशी एक गोल लोखंडी डबा टांगलेला मी पाहिला होता. आत स्प्रिंग, तिच्यावर गुंडाळलेली तार. माणूस खाली गेला की तार सुटत जाते, वर आला की आपोआप आत जाते, आणि तो एकदम पडला तर आतला दात अडकून तार जागच्या जागी थांबते. कुणाच्या तंबाखूवर काही अवलंबून नाही. मी लगेच म्हणालो, "मी आणतो."

भंगारबाजारात असे दोन डबे मिळाले. एक चकचकीत होता, पण तार बोटांतून ओढली तर तिचे तुटलेले, केसासारखे धागे बोटात घुसले. दुसरा रंग उडालेला. त्याची तार मी शेवटपर्यंत बाहेर काढून पाहिली, हळू ओढून पाहिली, मग हिसका दिला. हिसक्यासरशी दात दरवेळी अडकला. तारेच्या टोकाला आकडा होता, त्याची खिटी उघडून मिटून पाहिली. दुकानदार कंटाळून जांभया देत होता. डबा, बरोबर एक चामडी पट्टा, असं सगळं घेऊन मी भाऊच्या धक्क्यावरून रेवसच्या लाँचमध्ये बसलो, तेव्हा गावाला पूल बांधून द्यायला निघाल्यासारखा माझा चेहरा असावा.

शिमग्याला घरी प्रात्यक्षिक केलं. डबा माजघराच्या तुळईला टांगला, पट्टा पोटावर आवळला, आणि उंच पलंगावरून मी स्वतःला मागे झोकून दिलं. डब्यात कट्ट झालं. मी जमिनीपासून वीतभर वर, भाताच्या पोत्यासारखा लोंबकळत राहिलो. काकू म्हणाली, "टिकाऊ दिसतंय." मी बजावलं की ही वस्तू माणसाच्या जिवाची आहे, वैशाखापर्यंत ट्रंकेतून बाहेर काढायची नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या, आणि मी मुंबईला गेलो.

आमच्या घरात कुठलीही वस्तू एकाच कामाची असू शकते यावर कुणाचा विश्वास नाही, हे मी विसरलो होतो.

वैशाखात परत आलो तर डबा स्वयंपाकघरात, चुलीवर नाही पण चुलीच्या अंगाला. तारेच्या आकड्याला टोपली. टोपलीत लोण्याचं भांडं, गुळाचा खडा, लोणच्याची लहान बरणी.

"मांजराची कटकट गेली बघ," काकू म्हणाली. "खाली ओढली की येते, सोडली की वर जाते. असलं शिंकाळं अख्ख्या आगरात कुणाकडे नाही. मी हलकंच ठेवते हो त्यात."

काकूच्या हाताचं गूळ-तेल लागून तार चिकट झाली होती आणि तशीच आत गुंडाळली जात होती. तिच्यावरून मुंग्या शिस्तीत ये-जा करत होत्या. डब्याच्या फटीतून लोणच्याचं तांबडं तेल गळून खाली भिंतीला ओघळ आला होता, आणि त्याच फटीतून एक झुरळ मिशा हलवत माझ्याकडे बघत होतं. मी पुढे केलेला हात मागे घेतला.

"तेलानं यंत्र उलट चांगलं चालतं," काका म्हणाले.

"लोणच्याच्या?"

"तेल ते तेल."

पट्टा शोधला तर तो गोठ्यात, वासराच्या गळ्यात.

सकाळी गडी आला. डबा विहिरीवरच्या तुळईला चढवला होता. त्यानं पट्टा हातात घेतला, उलटसुलट केला.

"ह्यो ओला कशानं?"

"वासरानं चाटलाय," काकू म्हणाली. "धुते मी."

मी म्हटलं, माणसाच्या आधी वजन लावून बघू. वाळूची गोणी आकड्याला बांधली आणि काठावरून ढकलली. कट्ट झालंच नाही. तार सर्रकन सुटत गेली, टोकाला हिसका बसून गोणीची गाठ सुटली, आणि खालून चिखलात बसल्याचा घाणेरडा आवाज आला. वास वरपर्यंत आला.

सगळे काठावरून वाकून खाली बघू लागले. मग काका म्हणाले, "वाळूला काय कळतं? माणूस हातपाय मारतो, त्यानं धरलं असतं."

गाळाची नाही आली इतकी शिसारी मला त्या वाक्याची आली. मी डबा उतरवून झाकण उघडलं. गुळाचा काळा चिकटा, मिठानं चढलेला गंज, मोहरीची डाळ, मेलेल्या मुंग्या. आणि या सगळ्याच्या लगद्यात तो अडकवणारा दात लोळत पडलेला. काका वाकून म्हणाले, "फडक्यानं पूस, चालेल."

"न्हाय चालायचं," गडी म्हणाला. त्यानं पट्टा खाली ठेवला. "काका, एक पाय तुमच्या विहिरीला दिला. दुसरा मला लागतो." आणि तो माडाच्या सावलीत जाऊन बसला.

काका माझ्याकडे वळले. "तूच आणलंस ना हे? मग तूच उतर."

मी विहिरीत डोकावलो. माझं पोट माझ्याआधी डोकावलं. नाही म्हणावं तर त्या माणसाला पुन्हा गळ घातली जाणार, हे काकांच्या तोंडावर दिसत होतं. मी सदरा काढला.

गडी सावलीतून उठला. "दादा उतरणार असंल तर दोर मी धरतो. काका, तुम्ही तंबाखू खावा."

नवा काथ्याचा दोर काढला. त्यानं एक टोक माझ्या काखांखालून बांधलं, तुळईला वेढा दिला, दुसरं टोक आपल्या कमरेभोवतून घेतलं. मी उतरू लागलो. निम्म्यावर तोच शेवाळलेला दगड आला. मला तो माहीत होता, सगळ्या घराला माहीत होता, तरी माझा पाय त्याच्यावरूनच गेला. दोर काखेत आवळला. मी तोंड भिंतीच्या बुळबुळीत शेवाळाला लावून लोंबकळत राहिलो. वीतभरही खाली गेलो नव्हतो.

"धरलाय," वरून आवाज आला. "पाय शोधा. घाई न्हाय."

मग दिवसभर मी मांडीभर गाळात उभा राहून घमेली भरत होतो. बेडकांचं पाणी अंगावर ठिबकत होतं. वाळूची गोणी निघाली. आणि तळाशी, गेल्या वर्षी गडी पडला त्या अंगाला, हाताला एक पितळी चुन्याची डबी लागली. ती मी घमेल्यात वरच ठेवून दिली.

बाहेर आलो तेव्हा डबी गड्याच्या हातात होती. त्यानं ती धोतराला पुसली आणि काकांपुढे धरली. "तुमची. पडली व्हती." काकांनी ती घेतली आणि खिशात घालायच्या ऐवजी हातातच धरून उभे राहिले.

दोन अंघोळी करून मी पानावर बसलो. वर बघितलं तर शिंकाळं पुन्हा जागेवर. काकूनं डब्याचं झाकण लावून घेतलं होतं. ओटीवर गड्याचं पान मांडलेलं. काकूनं टोपली ओढली, बरणी काढली, टोपली सर्रकन वर गेली. ती वाढायला बाहेर गेली.

"लोणचं?"

गड्यानं पानावर हात आडवा धरला. "नको, काकू."

ती माझ्यापाशी आली. मीही हात आडवा धरला. काकांनी मात्र वाढून घेतलं, आणि जेवण उरकेपर्यंत त्याला बोट लावलं नाही.