गुळावर विसंबलेला वेल्डर

कसबा बावड्यातल्या एका वेल्डरनं गेल्या पावसाळ्यात आपलं दुकान बंद केलं. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही.

कामावर जाता-येता तो रोज दिसायचा. डोळ्यांपुढं काळी काच आणि हातांत चामड्याचे मोजे असल्याशिवाय तो ठिणगी पाडत नसे. नाक मात्र उघडं असायचं. जस्ताचा मुलामा असलेले पाईप जोडताना पांढरा धूर थेट तोंडावर यायचा. काम संपलं, की तो डब्यातला गुळाचा खडा चघळत बसायचा.

जिन्याचा कठडा करून घ्यायला गेलो, तेव्हा मी मास्कचं विचारलं.

"गूळ हाय की, पावणं! छातीतला धूर धुऊन काढतोय बघा. माझ्या बानं बी हेच केलं."

"तुमचा बा खोकून खोकून गेला, ते बी सांगा की!" त्याची बायको मागून ओरडली.

तो मोठ्यानं हसला आणि पुढचा पाईप उचलला.

दुकान बंद झाल्यावर मी त्याच्या घरी चौकशी केली. डॉक्टरांनी फुप्फुसं खराब झाल्याचं सांगितलंय, असं बायको म्हणाली. त्याला आडवं झोपता येत नाही. तो भिंतीला टेकून, बसूनच झोपतो.