व्हर्लीच्या पुढच्या खोलीतला ओढा

व्हर्ली स्टिनेटची पुढची खोली म्हणजे आमच्या खोऱ्यात चेष्टेचा विषय होती. त्या खोलीत कोणी बसतच नसे. निळा सोफा, त्यावर प्लॅस्टिकचं कव्हर, कोपऱ्यात काचेचं कपाट, आणि खाली असा गालिचा की त्यावर पाऊल टाकताना माणसाला आपल्या पायांचीच लाज वाटावी. पाळकबुवा आले तर ती खोली उघडायची, नाहीतर घरात कोणी वारलं तर. एरवी दार बंद. तिचा नवरा होबार्ट, ज्याला सगळे होब म्हणतात, उभा जन्म ओढ्यात दगड उलथत आणि जाळी ओढत फिरला. पण घरात यायचा तो मागच्या दारानं, बूट बाहेर काढून. "ओढा तुझा, घर माझं," असा व्हर्लीचा कायदा. होब हसायचा आणि पाळायचा.

तर अशा या बाईनं मार्च महिन्यात तो निळा सोफा स्वतः ढकलत व्हरांड्यात नेला, आणि पुढच्या खोलीत ओढा आणायचा म्हणून हट्टाला पेटली. अख्खं खोरं म्हणालं, म्हातारीचं डोकं फिरलं. डोकं काही फिरलं नव्हतं. बाई घाबरली होती.

आदल्या हिवाळ्यात होबला मेंदूचा झटका आला. डावा पाय जरा ओढत चालू लागला, त्याचं काही एवढं नाही, काठीवर भागत होतं. खरी पंचाईत झाली ती बोलण्याची. आवाज होता, जीभ वळत होती, पण मनात एक यायचं आणि तोंडातून भलतंच. मीठ मागायचं तर "शिडी दे" म्हणायचा. कुत्र्याला हाक मारायची तर "बटण, ए बटण!" त्याला बोलायला शिकवायला हॉस्पिटलातून एक बाई यायची. तिनं व्हर्लीला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "चुकीचं येऊ दे, पण बोलत राहू दे. बोलता बोलताच शब्द परत येतील. तोंड मिटून बसला तर मात्र अवघड आहे."

आणि नेमका तो तोंड मिटून बसला. झालं असं, की फाट्यावरच्या दुकानात सकाळी सगळी पुरुषमंडळी कॉफी प्यायला जमतात. होब तिथे गेला आणि काउंटरवर हात टेकून म्हणाला, "एक खेचर दे. गरम." दुकान हसून हसून लोळलं. सगळ्यात मोठ्यानं हसला तो त्याचा पुतण्या डॉइल. वर म्हणतो कसा, "काका, दूध घालून की बिनदुधाचं?" आमच्याकडे माया करायची रीत हीच, ज्याच्यावर जीव त्याचीच टर उडवायची. डॉइलच्या मनात पाप नव्हतं. पण होब लालेलाल झाला, वळला, बाहेर पडला, आणि त्या दिवसापासून त्याच्या तोंडाला कुलूप लागलं. हो-नाहीसाठी मान, बाकी सगळ्याला काठीचं टोक.

इतकी वर्षं "जरा गप्प बस रे बाबा" म्हणणारी व्हर्ली आता त्या शांततेत वेडीपिशी व्हायला आली. मागच्या खिडकीशी खुर्ची टाकून होब ओढ्याच्या दिशेनं बघत बसायचा. ओढा दिसायचा नाही, मध्ये झाडी दाट. काठ निसरडा, त्यामुळे खाली जायची सोय नाही. ती मनात म्हणायची, हा असाच मिटत मिटत गेला तर मी काय करू? आणि मग तिनं डॉइलला फोन लावला. डॉइल नळाची कामं करतो.

"त्या दिवशी दात काढलेस ना? आता राबायला ये."

"काकू, किती वेळा माफी मागू?"

"माफी नको मला. पाइप घेऊन ये. आणि लांबडी टाकी. आणि पाणी जोरात ढकलणारे पंप."

"कशाला?"

"होब ओढ्यावर जाऊ शकत नाही, म्हणून ओढाच पुढच्या खोलीत आणायचाय."

डॉइलनं टोपी मागे सारून डोकं खाजवलं. "पुढच्या खोलीत? तुझ्या? काकू, तुला ताप आलाय का?"

पण आला. माणसापेक्षा लांब, पण बुटकी अशी काचेची टाकी त्यानं आणली आणि तिच्या तळाशी पाइप जोडत बसला. गंमत साधी असते. टाकीच्या एका टोकाला पाणी आत ओढायचं, तिथे पाइपांच्या तोंडावर काळे स्पंज बसवायचे, म्हणजे मासा आत खेचला जात नाही. तिथून पाणी वाळूखालच्या पाइपांतून दुसऱ्या टोकाला न्यायचं आणि पंपानं पुन्हा पुढे फेकायचं. म्हणजे वरचं सगळं पाणी एकाच दिशेनं धावतं, ओढ्यासारखं. होब दारात खुर्ची टाकून बघत होता. डॉइलनं पंप समोरासमोर बसवले तेव्हा त्याची काठी जमिनीवर आपटली. डॉइलनं निमूट काढले आणि एका अंगाला लावले.

मग व्हर्लीनं गोटे लावले. कसे? तर मोठे मागे, लहान पुढे, कपाटातल्या बशांसारखे ओळीनं. होब उठला, बाही वर केली, पाण्यात काठी घातली आणि सगळी ओळ उधळून दिली. दगडावर दगड कलंडले, मध्ये फटी झाल्या, बिळं झाली.

"हे असं ठेवायचं? हा पसारा?"

होबनं मान हलवली. हो.

"माझ्या पुढच्या खोलीत!" व्हर्ली म्हणाली, पण हात लावला नाही. तिला वाटलं होतं की निदान आता तो काहीतरी बोलेल.

मासे धरायला दोघं लागतात. एकानं वाहत्या पाण्यात जाळी आडवी धरून बसायचं, दुसऱ्यानं वरच्या अंगानं पायानं दगड ढवळत यायचं, म्हणजे दगडाखालचे मासे प्रवाहाबरोबर जाळीत येतात. जन्मभर होबनं जाळी धरली आणि डॉइलनं दगड ढवळले. आता जाळी डॉइलकडे आणि होबचे रबरी बूट चढवून व्हर्ली पाण्यात. बूट कसले, बगलेपर्यंत आलेले.

"काकू, तू बुडालीस तर बुटांत शोधायचं का पाण्यात?"

"तू जाळी धर. तोंड नको चालवूस."

पाणी असं गार की तिच्या घशातून पाळकांसमोर न शोभणारे शब्द निघाले. पण मासे मिळाले. डार्टर म्हणतात त्यांना. बोटाएवढे, आणि तळाशीच राहणारे. पोहत राहणं त्यांना जमत नाही. परांवर टेकून दगडावर बसतात आणि एका उडीत पुढच्या दगडावर जातात. वसंतात नर रंगतो, निळा, तांबडा, शेंदरी. मासे धरायच्या परवान्यात बसत होते तेवढेच डॉइलनं ठेवले, बाकीचे परत सोडले.

टाकीत सोडल्यावर ते दोन-चार उड्या मारून दगडांच्या फटींत शिरले, आणि मग एकेक करून बाहेर येऊन सगळे प्रवाहाकडे तोंड करून बसले. होबनं खुर्ची खिडकीपासून उचलून टाकीशी आणली. सकाळपासून संध्याकाळपर्यंत तो तिथेच. चेहऱ्यावर कळा आली, जेवण वाढलं. व्हर्लीला बरं वाटलं. पण शब्द? एक नाही. ती मुद्दाम विचारायची, "तो निळा कुठे गेला रे?" होब काठीनं दाखवायचा. "याला काय म्हणतात?" होब खांदे उडवायचा. ती स्वयंपाकघरात जाऊन भांडी आपटायची. घरात नदी आणली, गालिचा भिजला, सोफा गेला, आणि याचं कुलूप तसंच. तिला रडूच यायचं.

आता इथे तिनं जे केलं ते फक्त आमच्याकडचीच बाई करू जाणे. आमच्याकडे लोखंडी तव्यातला मक्याचा ब्रेड म्हणजे सगळ्यावर उतारा. आजाऱ्याला तो, पाहुण्याला तो, कोंबडीला तो, कुत्र्याला तो. डॉइलनं मासे खातील म्हणून गोठवलेल्या अळ्यांचं पाकीट आणून दिलं होतं. व्हर्लीला ते बघूनच कसंतरी झालं. शिवाय मासे तिला बारीक दिसायला लागले. मग तिनं ब्रेड कुस्करून टाकीत टाकला. बघते तर काय, क्षणात साफ! तिला कोण आनंद. दुसऱ्या दिवशी जास्त टाकला. तोही गेला.

"चाटूनपुसून खातायत बघ!"

होबनं जोरजोरात मान हलवली. नाही, नाही.

"तुझं काय जातंय? मक्याच्या ब्रेडला नाही म्हणणारं कोणी या खोऱ्यात जन्मलंय का?"

मासे कशाला खातायत! तळाशी बसून, हलती अळी दिसली तर झडप घालणारी ती जात. ब्रेड त्यांच्या डोक्यावरून प्रवाहाबरोबर सरळ वाहत जायचा तो पलीकडच्या टोकाला, स्पंजांत. होबला ते दिसत होतं. सांगायचं तर तोंड उघडायला हवं, आणि तोंड उघडायचं नाही असं त्यानं ठरवलेलं.

रविवारी चर्चहून आल्यावर व्हर्लीनं चांगला अर्धा तवा ब्रेड टाकला आणि केक करायला आत गेली. मिक्सर घरघरत होता, रेडिओवर भजनं मोठ्यानं चालली होती. पुढच्या खोलीत पंपाचा आवाज बदलला. आधी कण्हल्यासारखा, मग बारीक. पाणी संथ झालं, आणि मग थांबलं. वाहत्या पाण्यातल्या माशाला थांबलेलं पाणी म्हणजे गळा दाबल्यासारखंच. डार्टर दगड सोडून काचेवर चढू लागले, तोंडं वासून. तो रंगलेला निळा उताणा होऊन पुन्हा सरळ झाला.

होबनं काठी आपटायला हात टाकला. काठी खाली घरंगळली. त्यानं खुर्चीचा हात बडवला. आत मिक्सर. त्यानं काच ठोकली. आत भजन. मग तो टाकीची कड धरून उभा राहिला, आणि घर हादरेल असा ओरडला,

"चर्च! व्हर्ली! चर्च बंद पडलं! पाहुणे मरतायत! सगळे पाहुणे मरतायत!"

व्हर्ली पिठाच्या हातांनी धावत आली. पहिल्यांदा तिला वाटलं, दुसरा झटका आला. मग तिनं टाकी बघितली.

"देवा! काय करू? होब, काय करू सांग!"

"टोपी! टोपी काढ!"

तिचा हात डोक्यावरच्या रुमालाकडे गेला.

"ती नव्हे गं बाई! काळी! काळी टोपी! तिकडची!"

तिनं बाह्या न सारताच खांद्यापर्यंत हात घातला आणि काळे स्पंज उपटले. बादलीत पिळले तर पिवळा लगदा, पसापसा भरून. पिळले, पुन्हा पिळले, परत बसवले. पंप खोकला, आणि पाणी धावू लागलं. होब कड सोडायला तयार नव्हता. एकेक मासा काचेवरून उतरला, उडी मारून दगडावर बसला, प्रवाहाकडे तोंड करून.

"झालर!" होब गरजला. त्यानं टाकीची कड बडवली. "रोज झालर घालतेस! सांगत होतो मी! पाहुण्यांना झालर चालत नाही! त्यांना... त्यांना पाय असलेलं लागतं! जिवंत! आणि तू आपली झालर, झालर, झालर!"

व्हर्ली त्या ओल्या गालिच्यावर बसली आणि हसू लागली, आणि हसता हसता तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. "रागाव," ती म्हणाली. "आणखी रागाव."

तेव्हा होबच्या लक्षात आलं की आपण बोललो. त्यानं तोंड मिटलं. व्हर्लीनं ते पाहिलं. ती कमरेवर हात ठेवून उठली.

"आता पुन्हा गप्प बसलास ना, तर बघ. फडताळात अजून अर्धा तवा झालर उरलीय. टाकीन ती सगळी."

होबनं तिच्याकडे पाहिलं, टाकीकडे पाहिलं. ओठ हलले, थांबले.

"टाकून तर बघ," तो म्हणाला. एक शब्द इकडचा तिकडे नाही.

दुपारी ऊन होतं. पाय असलेलं म्हणजे काय ते व्हर्लीला कळलं होतं: ओढ्यातल्या दगडांना खालून चिकटून राहणारे किडे. केक तसाच टाकून तिनं होबला झाडीच्या कडेला, जिथून ओढ्याचा एक वळसा दिसतो तिथपर्यंत हाताला धरून नेलं, पडलेल्या बुंध्यावर बसवलं, आणि स्वतः ते बगलेपर्यंतचे बूट घालून, चहाची गाळणी आणि बरणी घेऊन पाण्यात उतरली.

रस्त्यावरून डॉइलची गाडी चालली होती. आरडाओरडा ऐकून त्यानं ब्रेक मारला आणि उतरून कुंपणापाशी आला.

"खुर्च्या उलट्या कर!" होब वरून ओरडत होता. "लहान नको! मोठी खुर्ची! डावीकडची! ती... ती शेवाळाची! हळू, पाहुणे पडतील!"

डॉइल या खेपेला हसला नाही. टोपी काढून हातात धरली. कुंपणावर कोपर टेकून तो ऐकत राहिला. मग तो हलक्या आवाजात म्हणाला, "काकू, कोणत्या दगडाबद्दल बोलतोय तो? मी उतरू का? मला वाटतं, तुझ्या पायाशी आहे तोच."

"तू गप्प बस," व्हर्ली म्हणाली.

तो दगड तिला केव्हाच कळला होता. तिचा हातही त्यावरच होता. तरी तिनं मान वर केली आणि ओरडून विचारलं, "कोणती म्हणालास, होब? पुन्हा सांग!"