इंद्राणीच्या सुईखालची अंडी

इंद्राणी ब्रीझे वेर्दिएर या खेड्यातल्या ऊसमजुरांच्या घरची. एकोणीसशे सत्त्याहत्तरला ती बेटाच्या माथ्यावरच्या, सदा पावसाळी क्युरपिप शहरातल्या एका छोट्या संशोधन केंद्रात काचसामान धुवायला लागली आणि बघता बघता फळमाश्यांच्या शेकडो बाटल्या तिच्या हवाली झाल्या. कुठली माशी कुठल्या वाणाची, हे ती चिठ्ठी न वाचता सांगे.

सत्त्याऐंशी साली केंद्रातल्या डॉक्टर सत्यदेवांनी परदेशातून माश्यांचं एक सदोष वाण मागवलं. निरोगी अंड्यात एक प्रथिन खालच्या बाजूला आलेला संकेत झेलतं आणि तिथल्या पेशी पोट व्हायला लागतात. या वाणाच्या माद्यांच्या अंड्यांत संकेत झेलणारं ते प्रथिनच नसे, त्यामुळे गर्भ म्हणजे नुसती पाठच पाठ. त्यात निरोगी अंड्यातला रस टोचला, तर जिथे टोचला तिथेच पोट तयार होतं, असं बाहेरच्या लोकांनी दाखवलं होतं. सत्यदेवांना ते आपल्या विद्यार्थ्यांना इथे दाखवायचं होतं.

पण काचेची सुई लागली की अंडं फुटे. तीन आठवडे हेच चाललं.

“मिस्ये, साहेब, एक बोलू का?” इंद्राणी म्हणाली. “कृतीच्या कागदावर अंडी दहा मिनिटं वाळवा असं आहे. पण तो कागद क्युरपिपमध्ये लिहिलेला नाही. इथं धुतलेला कपडा तीन दिवस सुकत नाही. अंडं तट्ट फुगलेलं राहतं, म्हणून फुटतं.”

सत्यदेव खुर्ची सोडून म्हणाले, “बस. तूच कर.”

सूक्ष्मदर्शकाच्या खोक्यातून ओल शोषणारे खडे आले होते. ते तिने झाकणाच्या डब्यात घातले, वर अंड्यांची काच ठेवली. अंड्यांवर बारीकशी सुरकुती दिसली, तशी आणखी वाळू नयेत म्हणून वर तेलाचा थेंब सोडून सुई धरली. चाळिसांतली सहा फुटली. बाकीची टिकली.

दुसऱ्या दिवशी अकरा गर्भांवर, तिने टोचलं होतं नेमक्या त्याच जागी, पोटावरच्या बारीक काट्यांच्या रांगा उगवल्या होत्या. सत्यदेवांनी भिंगातून दोनदा पाहिलं आणि म्हणाले, “विद्यार्थ्यांना हे मी नाही, तू शिकवायचंस.”

तिने शिकवलं, बेटावरच्या रोजच्या क्रेओल बोलीत, न अडखळता. मागच्या बाकावर तिची आई कुंती ठेवणीतलं लुगडं नेसून बसली होती. शेवटी तिनेही भिंगाला डोळा लावला.

घरी जाताना बसमध्ये शेजारणीने विचारलं, “लेक काय काम करते?”

“माशीच्या अंड्याला सांगते, पोट इथं कर,” कुंती ताठ बसून म्हणाली. “आणि ते ऐकतं.”